नदीचे मूळ आणि पाषाणाचे मुख

‘नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये’ अशी आपल्याकडे एक जुनी म्हण आहे. तिचा आशय उघड आहे. ज्याचे मोठेपण आज डोळ्यांसमोर उभे आहे, त्याच्या आरंभाची फार चौकशी करू नये. आरंभ बहुधा लहान असतो, आणि तो पाहून मनातील आदर उणावण्याचा संभव असतो. ऋषींच्या कुळाविषयी ही म्हण पाळण्यास आमची हरकत नाही. नदीच्या मुळाविषयी मात्र ती मोडावी, आणि प्रत्येक कुटुंबाने मुलाबाळांसह निदान एकदा तरी मोडावी, असे आमचे मत झाले आहे. हे मत कशावरून झाले, ते वाचकांपुढे ठेवण्याकरिता प्रस्तुत लेखाचा प्रपंच.

आमचे बिऱ्हाड गेली काही वर्षे पुण्याच्या पश्चिमेस हिंजवडी येथे आहे. एके काळी म्हातोबाची यात्रा आणि तिच्यातील बगाड यांमुळे पंचक्रोशीत ओळखले जाणारे हे गाव आता संगणकाच्या उद्योगामुळे देशोदेशी ठाऊक झाले आहे. उत्तरेस पवना आणि दक्षिणेस मुळा, अशा दोन नद्यांच्या मध्ये ते वसले आहे. असे असूनही चैत्र सरला की आमच्या इमारतीपुढे पाण्याचे टँकर उभे राहू लागतात. घरात तीन पिढ्यांची नऊ माणसे. सकाळी नळास किती वेळ पाणी येणार, यावर स्नानाचा क्रम ठरावयाचा आणि धुणे कोणत्या दिवशी काढावयाचे हेही त्यावरच. सूनबाई टँकरच्या खेपांचा हिशेब भिंतीवरील दिनदर्शिकेत दुधाच्या हिशेबाशेजारी मांडते. दूध कोणत्या गोठ्यातून येते हे घरातील लहान मुलासही सांगता येते. टँकर कोणत्या विहिरीवरून भरून येतो, हे मात्र कोणासही सांगता येत नाही.

अशाच एका दिवशी नातवंडांस नकाशा दाखवीत बसलो होतो. हिंजवडीचे पाणी उतारावरून मुळेस मिळते. मुळा पुण्यात मुठेस मिळते. मुळामुठा पुढे भीमेस मिळते. आणि पंढरीस चंद्रभागा हे नाव धारण करणारी ती भीमा रायचूरच्या उत्तरेस कृष्णेत विलीन होते. म्हणजे आमच्या मोरीतून वाहून जाणारे पाणीसुद्धा अखेरीस कृष्णामाईच्याच पदरात पडते! ज्या नदीच्या पदरात आपण इतके टाकतो, तिचे मूळ कोठे आणि कसे आहे, हे मुलांनी पाहिलेच पाहिजे, असे मनाने घेतले. वैशाख होता. काहींनी सुचविले, की पावसाळा उलटल्यावर जावे, तेव्हा डोंगर हिरवे असतात. आम्ही म्हटले, माणसाची परीक्षा संकटात आणि झऱ्याची परीक्षा वैशाखात. त्याच आठवड्यात निघालो.

वाकडवरून बंगळूरचा महामार्ग धरला, की कात्रजचा बोगदा, खेड-शिवापूर आणि शिरवळजवळची नीरा ओलांडून खंबाटकीचा घाट लागतो. घाट उतरून सुरूरच्या फाट्यावर उजवीकडे वळले म्हणजे वाई. कृष्णेचे पहिले थोर क्षेत्र हेच. सात घाट, ढोल्या गणपतीचे देऊळ आणि अलीकडे मेणवलीस नाना फडणिसांचा वाडा, हे सर्व प्रवासी पाहतातच. संस्कृताचा अभ्यास केलेल्या मनुष्यास या गावाची ओढ आणखी एका कारणाने असते. केवलानंद सरस्वतींची प्राज्ञपाठशाळा येथली, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी येथले, आणि मराठी विश्वकोशाचे कार्य चालले तेही येथूनच. धर्मग्रंथांचे अध्ययन मनुष्यास संकुचित करते, असे ज्यांस वाटते, त्यांनी अस्पृश्यतानिवारणाच्या वेळी याच तर्कतीर्थांनी महात्माजींस शास्त्राधार कसे काढून दिले, ते आठवावे. या गोष्टीचा संबंध पुढे येणार आहे.

वाईपासून पसरणीचा घाट चढू लागले म्हणजे मागे धोम धरणाचे पाणी दिसू लागते. तेच कृष्णेचे पाणी. आपण त्याच्या उलट दिशेने, त्याच्या माहेराकडे चाललो आहोत, ही जाणीव मुलांस येथे करून द्यावी. पाचगणी मागे पडते, आणि समुद्रसपाटीपासून सुमारे १,३७० मीटर उंचीच्या महाबळेश्वरच्या पठारावर आपण येतो. बाजाराची पेठ, स्ट्रॉबेरीची दुकाने आणि घोड्यांची रांग टाळून आणखी सुमारे सहा किलोमीटर गेले, की क्षेत्र महाबळेश्वर. गाव लहान, झाडी दाट, देवळे तीन-चार. याच देवळात शिवछत्रपतींनी १६६५ साली मातोश्री जिजाबाईंची आणि वृद्ध सोनोपंत डबीर यांची सुवर्णतुला केली. महाबळेश्वराचे स्वयंभू लिंग आपल्या नेहमीच्या गुळगुळीत शाळुंकेसारखे नाही. ते रुद्राक्षासारखे खडबडीत आणि खाचखळग्यांचे असून त्या खळग्यांत पाणी असते. डोंगराचाच एखादा कंगोरा गाभाऱ्यात वर आला आहे, असा भास होतो.

या देवळापासून काही पावलांवर पंचगंगेचे मंदिर आहे, आणि आमच्या यात्रेचे प्रयोजन तेच होते. देवगिरीच्या यादवांपैकी सिंघण राजाने तेराव्या शतकात हे बांधले, असे परंपरा सांगते. मंदिर म्हणावे तर त्यात गाभारा प्रधान नाही. प्रधान आहे ती मागली भिंत. जाड दगडी खांबांच्या मंडपातून आत गेले, की समोरच्या भिंतीत ओळीने मुखे कोरलेली दिसतात. कृष्णा, वेण्णा, कोयना, गायत्री आणि सावित्री या पाच नद्यांची पाच, आणि भागीरथी व सरस्वती यांची आणखी दोन. प्रत्येक मुखातून येणारे पाणी एका दगडी पन्हळीत एकत्र होते आणि तेथून दगडी गोमुखावाटे कुंडात पडते. भागीरथीचे मुख बारा वर्षांतून एकदा, गुरू कन्या राशीस आला असता वाहते, आणि सरस्वतीचे साठ वर्षांतून एकदा, अशी श्रद्धा आहे. आपण एखाद्या दुर्मिळ गोष्टीस कपिलाषष्ठीचा योग म्हणतो, तोच हा साठ वर्षांचा योग. गेला कन्यागताचा पर्वकाळ २०१६ साली लागला, तेव्हा कृष्णाकाठच्या सर्व क्षेत्रांत यात्रेकरूंची दाटी झाली होती.

या नद्यांची आख्यायिका घरोघरी ठाऊक आहे. ब्रह्मदेवाने सह्याद्रीवर यज्ञ मांडला. मुहूर्ताच्या वेळी सावित्री आली नाही, म्हणून गायत्रीस शेजारी बसवून यज्ञ आरंभिला. सावित्रीने संतापून देवांस जलरूप होण्याचा शाप दिला. विष्णूची कृष्णा झाली, शंकराची वेण्णा आणि ब्रह्मदेवाची कोयना. सावित्री व गायत्री स्वतःही नद्या होऊन पश्चिमेस गेल्या. कथेतील एक खूण मोठी मार्मिक आहे. रुसलेल्या दोघी देवी कोकणात उतरतात आणि तिन्ही देव पूर्वेकडे देशावर जातात. भूगोल नेमका असाच आहे. ज्या कोणी ही कथा प्रथम सांगितली, त्याने डोंगरमाथ्यावर उभे राहून पाणी कोणत्या अंगास उतरते, ते आपल्या डोळ्यांनी पाहिले होते, यात संशय नाही.

वैशाखातही धार वाहत होती. बोटाएवढी जाड म्हणावी इतकीच, पण अखंड. आमचा धाकटा नातू सात वर्षांचा. तो बराच वेळ गोमुखाकडे टक लावून उभा राहिला आणि मग म्हणाला, ‘आजोबा, या गाईच्या पोटात इतके पाणी कोण भरतो?’

‘देव भरतो हो,’ असे शेजारच्या एका आजीबाईंनी प्रेमाने सांगितले. उत्तर खोटे नव्हते. परंतु मुलाचे त्याने समाधान झाले नाही. तो गोमुखाच्या मागे जाऊन भिंतीस हात लावून पाहू लागला. आमच्या मते, त्या दिवशी त्या मंदिरात जितके लोक आले, त्यांत योग्य दिशेने पाहणारा तोच एक होता. सर्वांची दृष्टी मुखाकडे होती आणि त्याची मुखामागे.

बाहेर आल्यावर त्यास त्याच्या घरातलीच उपमा दिली. श्रीखंडाकरिता आजी रात्री दही फडक्यात बांधून टांगते. ओतणारा तेथे कोणी नसतो, तरी सकाळपर्यंत थेंब थेंब पाणी ठिबकत राहते. महाबळेश्वरचा माथा हे असेच एक विस्तीर्ण फडके आहे. वरचा थर जांभ्या दगडाचा. काळा पाषाण लक्षावधी वर्षे ऊन-पावसाने कुजून जो लाल, सच्छिद्र दगड झाला, तो जांभा. त्याच्याखाली चिकट मातीचा थर आणि त्याखाली अभंग काळा कातळ. येथे वर्षास सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. पुण्यात जितका पडतो त्याच्या सहा-सातपटींहून तो कमी नाही, आणि यातला बहुतेक चार महिन्यांत पडतो. जांभूळ, हिरडा, अंजनी यांची झाडी आणि त्यांखाली साचलेला पाचोळा या पावसाचा वेग मोडतात. मंदावलेले पाणी जांभ्याच्या छिद्रांत मुरते, खाली चिकट थरावर अडते आणि आडवे सरकत सरकत डोंगराच्या कुशीत जेथे वाट सापडेल, तेथे झऱ्याच्या रूपाने बाहेर पडते. आषाढात पडलेला थेंब वैशाखात गोमुखातून निघतो तो या वाटेने. गाईचे पोट ते. मुख तेवढे सिंघणाच्या पाथरवटाने घडविलेले.

‘मग फडकेच फाटले तर?’ त्याने विचारले.

या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी वाचकांस एका दूरदेशीच्या झऱ्याजवळ न्यावयाचे आहे. आम्ही तेथे गेलेलो नाही; पुस्तके आणि छायाचित्रे यांवरूनच त्याचा परिचय. परंतु ‘गाईच्या पोटात पाणी कोण भरतो’ या प्रश्नाचे जे उत्तर आम्ही मुलास शब्दांनी दिले, तेच सुमारे सव्वातीन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिरांनी तेथे दगडात कोरून ठेविले आहे.

तुर्कस्थानात कोन्या शहराच्या पश्चिमेस, बेशेहिर सरोवराच्या परिसरात ‘एफ्लातून पिनार’ नावाचे स्थान आहे. पिनार म्हणजे झरा. एफ्लातून म्हणजे कोण, हे मराठी मनुष्यास सांगावयास नको. ग्रीक तत्त्ववेत्ता प्लेटो अरबी-फारसी मुखातून ‘अफलातून’ झाला, आणि एखादी गोष्ट अलौकिक वाटली की आपण तिलाही तेच विशेषण लावतो. तेव्हा हा अफलातूनचा झरा. प्लेटोचा आणि त्याचा वस्तुतः काडीचा संबंध नाही. ख्रिस्तपूर्व तेराव्या शतकात, हित्ती नामक बलाढ्य लोकांचे साम्राज्य त्या देशी असता तो बांधला गेला. सुमारे सहा मीटर उंचीची, प्रचंड शिळा रचून उभारलेली एक भिंत, तिच्यापुढे चिरेबंदी तळे, आणि भिंतीवर देवमूर्तींची मांडणी. मध्यभागी एक देव आणि एक देवी आसनस्थ आहेत. ती वादळाचा देव आणि सूर्यदेवी असावीत, असे बहुतेक विद्वान मानतात. त्यांच्या दोहों बाजूंस आणि मध्ये अर्धे मनुष्य अर्धे पशू असे गण हात उंचावून पंख असलेली सूर्यबिंबे तोलून धरतात, आणि सर्वांवर एक विशाल पंखयुक्त सूर्य छत्राप्रमाणे पसरलेला आहे.

आमचे लक्ष वेधले ते या सर्वांच्या पायाशी असलेल्या रांगेने. तेथे पाच पर्वतदेव हात छातीशी जोडून उभे आहेत, आणि त्यांपैकी काहींच्या वस्त्रांत पाण्यासाठी छिद्रे ठेवलेली आहेत. झऱ्याचे पाणी पर्वतांच्या देहांतून तळ्यात उतरत असे. वर सूर्य, मध्ये वादळ, खाली पर्वत आणि पायाशी जल! पाण्याच्या प्रवासाचा सारा क्रम त्या भिंतीवर मांडलेला आहे. सूर्याच्या तापाने मेघ, मेघांच्या वादळाने वृष्टी, वृष्टी धारण करणारा पर्वत, आणि पर्वताने सोडलेला झरा. आज शाळेत फळ्यावर बाण काढून जे शिकवितात, त्याचेच हे पाषाणरूप, असे आम्हांस वाटते. आपल्या कारागिराने गाय कोरली, त्यांनी पर्वत कोरला. पाणी मुखाचे नसून मुखामागच्या देहाचे आहे, हे दोघांसही ठाऊक होते.

संस्कृतज्ञ वाचकांस या लोकांविषयी आणखी एक जवळीक वाटेल. बोगाझकोय येथे त्यांच्या राजधानीचे अवशेष आहेत. १९०६ सालापासून तेथे मातीच्या हजारो इष्टिका निघाल्या. त्यांत ख्रिस्तपूर्व चौदाव्या शतकातील एक तह आहे, आणि त्याच्या साक्षीदार देवतांत मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य ही आपल्या परिचयाची नावे आहेत. ती नावे मितान्नी राजाच्या पक्षाकडून आलेली. हित्ती देवता वेगळ्या. परंतु हित्ती भाषा मात्र आपल्या संस्कृताची दूरची भगिनीच ठरली. १९१५ साली रोझ्नी या चेक पंडिताने तिचा उलगडा केला, तेव्हा त्यास वाट दाखविणाऱ्या शब्दांत एक होता ‘वातर’. त्याचा अर्थ पाणी. संस्कृतातील उदन्, उदक आणि इंग्रजीतील वॉटर ही सर्व त्याच कुळातली. म्हणजे एका मृत भाषेचे कुलूप ज्या किल्ल्यांनी उघडले, त्यांत एक पाण्याची होती.

हित्ती साम्राज्य ख्रिस्तपूर्व १२०० च्या सुमारास लयास गेले. पुढे त्यांची लिपी कोणास वाचता येईना, देवांची नावे कोणास ठाऊक राहिली नाहीत. झऱ्याकाठी मात्र वस्ती होत राहिली, आणि पाण्यावर सत्ता चालविणारा ज्ञानी म्हणून त्या भागातील लोककथांत जो अफलातून प्रसिद्ध होता, त्याचे नाव लोकांनी झऱ्यास दिले. राज्य गेले, भाषा गेली, देव गेले. झरा वाहता राहिला म्हणून स्थानाचे महत्त्व राहिले. १९९६ पासून कोन्याच्या वस्तुसंग्रहालयाने उत्खनन करून बुजलेले तळे मोकळे केले, आणि २०१४ साली जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत त्यास स्थान मिळाले. दगडाचे रक्षण कसे करावे, हे आजचे जग जाणते, असा याचा अर्थ.

आता नातवाच्या प्रश्नाकडे येऊ. फडके फाटले तर? मूर्तीवर छप्पर घालता येते, कुंडास कठडा करता येतो, गोमुख झिजले तर दुसरे बसविता येते. परंतु माथ्यावरची झाडी गेली, जांभा खणून नेला, उतार सपाट करून त्यावर इमारती चढविल्या आणि जागोजाग खोल विंधनविहिरी घेतल्या, तर उत्तम घडविलेल्या मुखातूनही वैशाखात काही येणार नाही. हा धोका कल्पनेतला नाही. महाबळेश्वर-पाचगणीवरील बांधकामांचा व वृक्षतोडीचा ताण पाहूनच केंद्र शासनाने २००१ साली तो प्रदेश पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला. आपल्या पूर्वजांजवळ अशी अधिसूचना नव्हती. त्यांनी झऱ्यास देवीचे नाव दिले आणि भोवतालच्या राईस कुऱ्हाड लावू नये, असा धाक घातला. पंचगंगेपासून थोड्या अंतरावर कृष्णाबाईचे जुने देऊळ आहे, तेथे हे आजही पाहावयास मिळते. काळ्या दगडाचे खांब, कोरीव छत, शेवाळ चढलेल्या भिंती, गोमुख आणि कुंड; भोवती गर्द झाडी आणि समोर एकदम खाली गेलेले कृष्णेचे खोरे. पंचगंगेच्या तुलनेने येथे माणसे थोडी. म्हणूनच मुख आणि देह दोन्ही एका दृष्टिक्षेपात पाहावयाचे असतील, तर यात्रेकरूने येथे थोडा वेळ बसावे.

परंतु मुखामागे जसा डोंगर आहे, तशी मुखापुढे माणसे आहेत, आणि त्यांचा विचार केल्यावाचून ही यात्रा पुरी होत नाही. बोटाएवढी ती धार खाली जाता जाता सुमारे चौदाशे किलोमीटर लांबीची नदी होते. वेण्णा तिला माहुलीस मिळते, कोयना कऱ्हाडास मिळते. पुढे अलमट्टी, श्रीशैल, नागार्जुनसागर अशी प्रचंड धरणे भरून ती बंगालच्या उपसागरास जाते. तिच्या पाण्याच्या वाटणीकरिता १९६९ साली लवाद नेमावा लागला, २००४ साली दुसरा; आणि २०१४ नंतर भांडणाऱ्या राज्यांची संख्या तीनाची चार झाली. गोमुखाशी हात जोडणारे आपणच खाली उतरल्यावर न्यायासनापुढे हात उगारून उभे राहतो.

पश्चिमेस गेलेल्या सावित्रीची कथा याहून अधिक विचार करावयास लावणारी आहे. पंचगंगेच्या त्याच भिंतीतून निघालेली ही नदी घाट उतरून पोलादपुरावरून महाडास जाते आणि बाणकोटच्या खाडीतून सिंधुसागरास मिळते. त्या महाडच्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनी सहस्रावधी अनुयायांसह जाऊन ओंजळभर पाणी प्राशन केले. सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले असावेत, असा बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळाने १९२३ सालीच संमत केला होता, आणि महाडच्या नगरपालिकेनेही १९२४ साली तळे खुले केल्याचे ठरविले होते. तरी प्यावयास गेलेल्यांस मार बसला. आणि त्यानंतर पंचगव्याचे घडे ओतून, मंत्र म्हणून त्या तळ्याची शुद्धी करण्यात आली. प्रकरण न्यायालयात गेले, आणि १९३७ साली मुंबईच्या उच्च न्यायालयाने अस्पृश्य मानलेल्यांच्या बाजूने निकाल दिला, तेव्हा कोठे वाद संपला.

ते मंत्र आपल्याच मुखातले होते, हे आपल्या घरांतून स्पष्ट बोलले गेले पाहिजे. ज्या डोंगरावर गाईच्या मुखातून पाणी देण्याची कल्पना पाथरवटास सुचली, त्याच डोंगराच्या पायथ्याशी गाईच्याच पंचगव्याने पाणी नाकारण्याचा विधी झाला. गाय वासरास पाजते, धन्यास पाजते, दारी आलेल्या अतिथीसही पाजते. दूध देताना ती जात विचारीत नाही. गोमुख कोरण्यात हा अर्थ नसेल, तर त्या दगडात दुसरा कोणता अर्थ आहे? झऱ्यास मुख द्यावयाचे ते त्यास बेवारस समजून कोणी त्याची नासाडी करू नये म्हणून. त्याच मुखाचे द्वार करून त्यावर पहारा बसविला, की देवत्वच संपते. वाईच्या तर्कतीर्थांनी शास्त्राच्या आधारे जे समजावून सांगितले, ते पंचगंगेची भिंत आम्हांस आपल्या परीने सांगत होती. सात मुखांची नावे सात. पन्हळ एक, आणि कुंडात पडल्यावर कृष्णेचे कोणते व सावित्रीचे कोणते, हे ब्रह्मदेवासही निवडता येणार नाही.

कोणी म्हणेल, आता पाणवठ्यावर कोण कोणास अडवितो? कायदा झाला, काळ बदलला. हे मान्य आहे. परंतु पाणी नाकारण्याचे प्रकार बदलले आहेत, नाहीसे झालेले नाहीत. आमच्या हिंजवडीसारख्या वसाहतीत ज्याची ऐपत आहे तो टँकर मागवितो. तो टँकर कोठल्या तरी विहिरीचे पाणी उपसून येतो, आणि त्या विहिरीच्या काठी कोणाची तरी भाजी, कोणाची तरी गुरे आणि कोणाचा तरी हंडा असतो. आपल्यास त्याचे मुख दिसत नाही, म्हणून आपले मन स्वस्थ असते. नळास मुख नाही; तेथे गाय कोरलेली नाही, पर्वतदेव हात जोडून उभा नाही. ज्या पाण्यास मुख नाही, त्यामागचा डोंगर आणि त्यापुढची माणसे ही दोन्ही आपण सहज विसरतो.

म्हणून आमची विनंती अशी आहे. सुटीत मुलांस घेऊन महाबळेश्वरास जाणारी कुटुंबे पुष्कळ आहेत. त्यांनी एक दिवस क्षेत्रास द्यावा, आणि तो शक्य तर वैशाखात द्यावा. पंचगंगेपुढे हात जोडून झाल्यावर मुलांस घेऊन मागच्या झाडीकडे फेरी मारावी, पाचोळ्याखालची माती मुठीत घेऊन ओली आहे की कोरडी, हे त्यांच्याच हातांनी पाहवावे. तेथे कागद-बाटल्या टाकू नयेत आणि कोणी टाकीत असल्यास गोड शब्दांत अडवावे. परतताना नकाशावर धारेमागोमाग बोट फिरवून एका अंगास हंसलदेवीचा समुद्र आणि दुसऱ्या अंगास महाड दाखवावे, आणि महाडास काय झाले, तेही काही न लपविता सांगावे. सात-आठ वर्षांच्या मुलास ते समजते. आपण समजतो त्याहून चांगले समजते.

आणि घरी आल्यावर प्रत्येकाने आपल्या पाण्याचे मूळ एकदा शोधून काढावे. आम्ही परतल्यावर टँकर चालविणाऱ्या गृहस्थांस चहा देऊन विचारले, तेव्हा त्यांनी विहीर सांगितली, आणि त्या उन्हाळ्यात ती किती हात खाली गेली होती, तेही सांगितले. सूनबाईने दिनदर्शिकेतील हिशेबात आता खेपांच्या शेजारी त्या विहिरीचे नाव लिहिले आहे, आणि इमारतीच्या गच्चीवरील पावसाचे पाणी गटारात न सोडता जमिनीत मुरविण्याचा विषय सभासदांच्या बैठकीत दोनदा मांडला आहे. पहिल्या वेळी लोक हसले. दुसऱ्या वेळी खर्चाचा अंदाज मागितला. पावसाळ्यापूर्वी तिसरी बैठक आहे.